डोंगरातलं चाकांवरचं घर : आरव्हीमधली वीज, गॅस, पाणी आणि ब्रेक उंचीवर कसे वागतात?

"तुमच्या त्या गाडीत टॉयलेट पण आहे का?" भारतातून व्हिडिओ कॉल आला की हा प्रश्न ठरलेला. हो, आहे. गॅसची शेगडी आहे, फ्रिज आहे, गरम पाणी आहे, पलंग आहे आणि रात्री बाहेर शून्याच्या खाली तापमान गेलं तरी आत स्वेटरशिवाय बसता येईल असा हीटरसुद्धा आहे. पण यातली एकही गोष्ट घरातल्यासारखी चालत नाही. आणि डोंगरात, दहा हजार फुटांवर तर ती सपाटीवरच्या आरव्हीसारखीही चालत नाही. या लेखात तेच समजून घेऊ.

मी आणि माझा नवरा अमेरिकेत कोलोराडो राज्यात, डेन्व्हरला राहतो. दोघांच्याही नोकऱ्या आहेत. मे ते ऑक्टोबर या काळात जमतील तेवढे शनिवार-रविवार आणि वर्षातून एकदा सलग तीन आठवडे आम्ही रॉकी पर्वतात काढतो, एका सेकंडहँड २१ फुटी ट्रेलरमध्ये. त्यामुळे खालची उदाहरणं बहुतेक आमच्या ट्रेलरची आहेत. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, तत्त्व तेच राहील.

आरव्ही म्हणजे नेमकं काय?

आरव्ही हे 'रिक्रिएशनल व्हेइकल'चं छोटं रूप. त्यात दोन मोठे गट पडतात. पहिल्यात इंजिन आणि घर एकाच गाडीत असतं. बसएवढी मोठी ती क्लास ए, व्हॅनमध्ये बसवलेली ती क्लास बी, आणि ड्रायव्हरच्या टपावर पलंगाचं पुढे आलेलं नाक असते ती क्लास सी. (बी ही सीपेक्षा लहान का, हे मला अजून कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.) दुसऱ्या गटात घराला इंजिनच नसतं, ते पिकअप ट्रकने ओढायचं. आमचा ट्रेलर या गटातला. अमेरिकेतल्या आरव्हींपैकी बहुसंख्य इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या गावाच्या आसपास बनतात, म्हणून त्या भागाला जगाची आरव्ही राजधानी म्हणतात.

डोंगरासाठी मला ट्रेलर बरा वाटतो. जागेवर पोचल्यावर घर सोडून नुसता पिकअप घेऊन फिरता येतं. शिवाय अडीअडचणीला रात्री पटकन निघता येतं. याचा उपयोग किती होतो ते पुढे येईलच.

गाडी घेताना लांबी आधी ठरवा, बाकीचं नंतर. मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या 'गोइंग टू द सन' रस्त्याच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे, आणि त्यात ट्रेलर व ओढणारी गाडी यांची मिळून लांबी धरतात. म्हणजे आम्ही तिथे बादच. कोलोराडोतल्या इंडिपेंडन्स पासवर (१२,०९५ फूट) ही मर्यादा ३५ फूट आहे. आपल्या फोनवरच्या नेहमीच्या नकाशाला यातलं काहीच माहीत नसतं. तो तुम्हाला कार समजतो. आरव्हीसाठीचे वेगळे नॅव्हिगेशन ॲप असतात, त्यांत गाडीची उंची, लांबी, वजन एकदा भरलं की बुटके पूल आणि बंदीचे रस्ते टाळून मार्ग मिळतो. ट्रेलरची उंची एसीसकट मोजून ड्रायव्हरसमोर चिकटवून ठेवा. पुलाजवळ पोचल्यावर 'दहा फूट होती की अकरा?' हा संवाद नको.

वीज : दोन बॅटऱ्या, दोन दुनिया

आरव्हीत विजेच्या दोन यंत्रणा असतात. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, गॅसचा अलार्म हे सगळं १२ व्होल्टवर, म्हणजे बॅटरीवर चालतं. एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले प्लग १२० व्होल्टवर. कॅम्पग्राउंडमध्ये विजेचा खांब असेल तर दोन्ही चालतात. खांब नसेल तर फक्त पहिली, आणि दुसरी हवी असेल तर इन्व्हर्टर किंवा जनरेटर.

खांबावर ३० अँपिअर किंवा ५० अँपिअरचा प्लग असतो. ऐकायला फरक दुपटीच्या आतला वाटतो, पण तसं नाही. ३० अँपिअरच्या प्लगमधून १२० व्होल्टची एकच लाइन येते, म्हणजे ३,६०० वॉट. ५० अँपिअरमधून अशा दोन लाइन येतात, म्हणजे १२,००० वॉट. भारतात आपल्याला २३० व्होल्टची सवय असल्याने हा हिशेब पटकन डोक्यात बसत नाही. खांबाची वायरिंग चुकलेली असू शकते, म्हणून मध्ये सर्ज प्रोटेक्टर लावल्याशिवाय आम्ही प्लग जोडत नाही.

आम्हाला आवडणाऱ्या जागी मात्र खांब नसतोच. त्यामुळे खरा प्रश्न बॅटरीचा. पूर्वी सगळीकडे लेड-ॲसिड बॅटरी असायची, आपल्या घरच्या इन्व्हर्टरची असते तशी. तिची निम्मीच क्षमता वापरायची, नाहीतर आयुष्य झपाट्याने घटतं. आता लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली आहे. वजन निम्म्याहून कमी आणि जवळजवळ पूर्ण क्षमता वापरता येते. १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी म्हणजे १२.८ गुणिले १००, साधारण १,२८० वॉट-अवर. आमच्याकडे अशा दोन आहेत, म्हणजे २,५६०.

खर्च बघा. थंड रात्री हीटरचा पंखा एकूण पाच तास फिरतो, ६० वॉटने झाले ३००. दोघांचे लॅपटॉप आणि फोन ३००. सॅटेलाइट इंटरनेटची छोटी डिश ३० वॉटने पाच तास, १५०. दिवे, पंप, अलार्म मिळून १००. दिवसाला साधारण ८५०. म्हणजे तीन दिवस ढग राहिले तरी अंधारात बसावं लागत नाही. फ्रिज यात धरलेला नाही, कारण आमचा फ्रिज गॅसवर चालतो. हो, गॅसवर. त्याकडे येतेच.

टपावर ४०० वॉटचे सोलर पॅनल आहेत. ४०० वॉटचा पॅनल दिवसभर ४०० वॉट देत नाही हे आता बहुतेकांना माहीत असतं. सपाट पडलेल्या पॅनलकडून उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी १,२०० ते १,५०० वॉट-अवर मिळाले तर उत्तम. डोंगरात मात्र दोन गोष्टी आपल्या बाजूने असतात. हवा विरळ असल्याने ऊन प्रखर असतं, आणि पॅनल थंड राहतो. सिलिकॉनचा पॅनल जितका थंड तितकं त्याचं व्होल्टेज जास्त. सिस्टिम जुळवताना हे लक्षात ठेवायला हवं. कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी पॅनलचं व्होल्टेज लेबलवरच्या आकड्याच्या वर जातं आणि चार्ज कंट्रोलरची मर्यादा काठावर असेल तर तो जळू शकतो. विरुद्ध बाजूला आहेत पाइनची झाडं आणि रॉकीमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी नेमाने येणारे गडगडाटी ढग. झाडाखाली गाडी लावली की निम्मं उत्पादन गेलं म्हणून समजा. सावलीत गाडी आणि उन्हात पॅनल हवा असेल तर लांब वायरचा, जमिनीवर ठेवायचा घडीचा पॅनल घ्या. माझ्या मते टपावर आणखी एक पॅनल चढवण्यापेक्षा तो बरा.

लिथियम बॅटरीची एक अट मात्र कुठल्याही परिस्थितीत मोडायची नाही. तिच्या आतलं तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या खाली असताना ती चार्ज करायची नाही. वापरली तर चालते, चार्ज नाही. थंडीत लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी वरच धातूच्या रूपात साचतात. हे नुकसान भरून येत नाही आणि पुढे आत शॉर्ट सर्किट होऊ शकतं. म्हणून चांगल्या बॅटरीत थंडीत चार्जिंग तोडणारं सर्किट असतं. काहींत स्वतःला ऊब देणारा हीटरही असतो. आमच्या बॅटऱ्या पलंगाखाली, उबेत आहेत. लेड-ॲसिड बॅटरीतून वायू सुटतो, त्यामुळे ती अशी झोपायच्या जागेत ठेवायची सोय नव्हती.

गॅस : घरचा सिलिंडर इथे का चालला नसता?

भारतात घरी येतो तो एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. सिलिंडरमध्ये तो द्रव असतो, उकळून वायू झाला की शेगडीत येतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, प्रोपेन उणे ४२ अंशांना. म्हणजे बाहेर उणे पाच असेल तर ब्युटेन सिलिंडरच्या तळाशी पाण्यासारखा बसून राहील. म्हणून अमेरिकेतल्या आरव्हींत किमान ९० टक्के प्रोपेन असलेला गॅस भरतात. छोट्या कॅम्पिंग शेगडीसाठी डबी घेतानाही तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. ब्युटेनची डबी सपाटीवर छान, बर्फाजवळ बिनकामाची.

आमच्या ट्रेलरच्या नाकावर नऊ-नऊ किलोचे दोन सिलिंडर आहेत. हीटर तासाला २०,००० बीटीयू उष्णता देतो. रात्री पाच तास चालला तर एक लाख बीटीयू. नऊ किलो प्रोपेनमध्ये साधारण ४,३०,००० बीटीयू असतात. म्हणजे नुसत्या हीटरवर एक सिलिंडर चार रात्रींत संपतो. हा हिशेब मी मुद्दाम देतेय, कारण नवे लोक बॅटरीचा हिशेब तोंडपाठ करून येतात आणि गॅस संपून कुडकुडतात.

आता गॅसवरचा फ्रिज. आगीने थंडावा कसा? या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो. खाली छोटी ज्योत (किंवा विजेचं कॉइल) ते द्रावण तापवते, अमोनिया वाफ होऊन वर जातो, मागच्या जाळीत गार होऊन द्रव होतो, मग हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याचं बाष्पीभवन होतं आणि तो फ्रिजमधली उष्णता शोषून घेतो. शेवटी पुन्हा पाण्यात विरघळून खाली. एकही फिरणारा भाग नाही, आवाज नाही. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोघांनी स्टॉकहोममध्ये विद्यार्थी असतानाच १९२२ मध्ये हे शोधून काढलं. यातला सगळा प्रवाह गुरुत्वाकर्षणाने होतो, त्यामुळे ट्रेलर तिरका उभा असेल तर द्रव नको तिथे साचतो आणि फ्रिज कायमचा बिघडू शकतो. डोंगरात सपाट जागा मिळणं हा लॉटरीचाच प्रकार असल्याने चाकाखाली फळ्या घालून पातळी साधणं हे आमचं पोचल्यावरचं पहिलं काम. नवीन ट्रेलरमध्ये आता १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर फ्रिज येतात, त्यांना उताराचं काही वाटत नाही. ते वीज मात्र खातात. आज नवीन घ्यायचा असता तर मी कॉम्प्रेसरचाच घेतला असता.

उंचीवर प्रत्येक ज्योत थोडी आजारी पडते. १०,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो, म्हणजे त्याच आकारमानात ऑक्सिजन कमी. गॅसच्या उपकरणांची ताकद दर हजार फुटांना चार टक्क्यांनी कमी धरायची असा ढोबळ नियम आहे. जनरेटरचंही तेच. पोर्टेबल गॅस हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाला की बंद पडणारा सेन्सर असतो, तो ७,००० फुटांच्या वर विनाकारण हीटर बंद करू शकतो. तसं माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं.

स्वयंपाकाचं तर विचारूच नका. १०,००० फुटांवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. चहाला उकळी फुटलेली दिसते पण तो हवा तसा उतरत नाही, आणि तूरडाळ उघड्या पातेल्यात कितीही रटरटली तरी दाणा टणकच. आपला शिट्टीचा कुकर इथे खरा हिरो. पण त्यालाही मर्यादा आहे. शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक दाब जास्त झाला की उडते, आणि बाहेरचा दाबच कमी असल्याने आतलं तापमान १२० ऐवजी ११५ अंशांच्या आसपास राहतं. पुण्यात तीन शिट्ट्यांची डाळ इथे पाच-सहा घेते. फोडणीवर मात्र उंचीचा काही परिणाम नाही, तेलाला काय त्याचं.

कार्बन मोनॉक्साइड की उंचीचा त्रास?

लेखातला हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ज्योतीला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. सुरुवातीची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, थकवा, गरगरणं. आता ८,००० फुटांच्या वर होणाऱ्या उंचीच्या त्रासाची लक्षणं पाहा. डोकेदुखी, मळमळ, थकवा, गरगरणं. यादी तीच. उपाय मात्र वेगळे, आणि चुकीचं निदान जिवावर बेतणारं.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही लेडव्हिलजवळ टर्क्वॉइज लेकच्या परिसरात होतो, साधारण १०,००० फुटांवर. नवरा तीन आठवडे पुण्यात राहून दोन दिवसांपूर्वीच परतला होता. रात्री दोनच्या सुमारास त्याने मला उठवलं. डोकं ठणकतंय, उलटीसारखं होतंय. बाहेर उणे चार, खिडक्या बंद, हीटर सुरू.

अशा वेळी क्रम ठरलेला असावा. आधी कार्बन मोनॉक्साइड गृहीत धरायचा, कारण तो मिनिटांत मारू शकतो. हीटर बंद, दार उघडं, दोघंही ब्लँकेट घेऊन बाहेर पिकअपमध्ये. इंजिन लगेच सुरू करायचं नाही. मग तपास. आमचा डिटेक्टर आकडा दाखवणारा आहे आणि त्यावर शून्य होतं. साध्या डिटेक्टरवर विसंबू नये, कारण अमेरिकन मानकाप्रमाणे ७० पीपीएम असताना तो एक ते चार तासांनी वाजतो. ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजतो. मधल्या पातळीत तो गप्प असतो म्हणजे हवा शुद्ध आहे असं नव्हे. आकडा दाखवणारा घ्या, आणि त्याच्या मागची मुदत तपासा, सेन्सर काही वर्षांनी संपतो. दुसरा पुरावा म्हणजे मला काहीच होत नव्हतं. एकाच खोलीत झोपलेल्या दोघांपैकी एकालाच त्रास होत असेल तर वायूची शक्यता कमी होते, संपत नाही. तिसरा, आसपास कोणाचा जनरेटर चालू नव्हता. आपला हीटर ठीक असला तरी शेजाऱ्याच्या जनरेटरचा धूर खिडकीतून येऊ शकतो. चौथा, मोकळ्या हवेत अर्धा तास बसूनही त्याचं डोकं तसंच होतं.

आणि ऑक्सिमीटर? कोविडनंतर आपल्या प्रत्येकाच्या घरात तो आहे, आमच्याकडेही आहे. इथे नीट लक्ष द्या. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज करतो, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन असलेल्या हिमोग्लोबिनसारखंच लाल दिसतं. म्हणजे विषबाधा झालेल्या माणसाला तो ९८ दाखवेल. आकडा चांगला आला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. नवऱ्याचा आकडा ८४ होता, माझा ९०. त्याचा आकडा माझ्याहून इतका खाली होता आणि बाकीचे पुरावे जुळत होते, म्हणून आम्ही उंचीचा त्रास धरला.

मग त्याला सरळ रेषेत, एका पावलाच्या टोकाला दुसऱ्याची टाच लावत चालायला सांगितलं. तोल जात असेल तर मेंदूला सूज येत असण्याची शक्यता असते आणि एक क्षणही थांबायचं नसतं. तो नीट चालला. पण चारच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या, तेव्हा आम्ही ट्रेलर तिथेच कुलूप लावून सोडला आणि मी पिकअप खाली काढला. पस्तीसेक मैलांवर ब्युएना व्हिस्टा हे गाव ८,००० फुटांच्या जरा खाली आहे. तिथे पोचेपर्यंत त्याने स्वतःहून कॉफी मागितली. उंचीच्या त्रासावर खरं औषध एकच, खाली उतरणं. डेन्व्हरची ५,२८० फुटांची सवय सपाटीवर काही आठवडे राहिलं की उतरते, हे भारतातून परत येणाऱ्या सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एक छोटी गोष्ट राहिली. गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो आणि तो जमिनीलगत बसवतात, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. त्यावर सामान रचू नका.

चढ आणि उतार

चढाचं फार सांगण्यासारखं नाही. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं, ११,००० फुटांवर जवळजवळ एक तृतीयांश. टर्बो असेल तर तो हवा दाबून हा तोटा बराचसा भरून काढतो. कोलोराडोत पंपावर साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं. तुमच्या गाडीचं माहितीपत्रक ८७ मागत असेल आणि मागे ट्रेलर असेल तर ८७च भरा.

उतार हा खरा विषय. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्गावर ११,००० फुटांवर आयझेनहॉवर टनेल आहे. तिथून डेन्व्हरपर्यंत साठेक मैलांत आपण सुमारे १,७०० मीटर खाली येतो. पिकअप आणि ट्रेलर मिळून आमचं वजन ४.८ टन. शाळेतलं सूत्र लावा, वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची. उत्तर येतं सुमारे २२ युनिट वीज. घरातला दोन किलोवॉटचा गिझर अकरा तास चालवल्यावर जितकी उष्णता होईल तितकी. ती सगळी कुठेतरी जायलाच हवी. काही हवेच्या रोधात जाते, उरलेली एकतर इंजिन घेईल नाहीतर ब्रेक.

ब्रेकने घेतली तर तो तापतो. बहुतेक ट्रेलरना विजेवर चालणारे ड्रम ब्रेक असतात. पिकअपमधला कंट्रोलर विद्युतप्रवाह पाठवतो, चाकातलं चुंबक ड्रमला चिकटतं आणि लायनर दाबले जातात. तापल्यावर ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, लायनरची पकडही घटते. पाय तळाशी आणि गाडी तशीच. म्हणूनच त्या रस्त्यावर ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी वाळू-खडीचे चढाव बांधलेले आहेत. खंडाळ्याचा घाट उतरलेल्या कुठल्याही ट्रक ड्रायव्हरला उपाय माहीत असतो. ज्या गिअरने चढाल त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरने उतरा. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर टाका, इंजिन ओरडलं तर ओरडू दे. वेग वाढला की ब्रेक थोडा जोरात मारून वेग उतरवायचा आणि पाय काढून घ्यायचा. हलका दाबून धरून ठेवायचा नाही. ट्रेलर डोलत असेल तर वजनाची वाटणी तपासा. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. मागे सायकली आणि लाकडं कोंबली की तो भार कमी होतो आणि शेपूट हलायला लागते.

पाणी, मुक्काम, नेटवर्क

पाण्याच्या तीन टाक्या. पिण्याची, सांडपाण्याची (ग्रे) आणि शौचालयाची (ब्लॅक). आमची ताज्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे १५० लिटर, म्हणजेच १५० किलो. घाटात हे वजन ओढायचं की वर पोचल्यावर भरायचं हे आधी ठरवा. भांडी आधी पुसून मग धुतली तर आम्हा दोघांना ते सहा-सात दिवस पुरतं. उरलेल्या दोन टाक्या फक्त ठरवून दिलेल्या डंप स्टेशनवर रिकाम्या करायच्या. हातमोजे घाला, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे पाइप साबणाच्या पाण्याने धुऊन निघतो. एवढं पुरे.

मुक्कामाच्या जागा तीन प्रकारच्या. वीज-पाण्याची सोय असलेली खाजगी कॅम्पग्राउंड, नॅशनल पार्कमधली (इथे बहुतेक ठिकाणी खांब नाही, आणि जनरेटरला ठरलेले तासच), आणि सरकारी मोकळ्या जमिनी. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट आणि फॉरेस्ट सर्व्हिस यांच्या बऱ्याचशा जमिनीवर फुकट राहता येतं, साधारणपणे सलग १४ दिवसांपर्यंत. सोय शून्य, शेजार शून्य. आम्ही त्यासाठीच जातो. अस्वलांच्या प्रदेशात वास येणारं काहीही बाहेर ठेवायचं नाही, टूथपेस्टसुद्धा. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये तर कापडी भिंती असलेल्या गाड्यांना प्रवेशच नाही, फक्त टणक भिंतींच्या. त्यामुळे फोडणी दार लावून.

मोबाइलची रेंज घाटात गेली की गेली. नकाशे आधीच ऑफलाइन उतरवून घ्या. सॅटेलाइट इंटरनेटच्या डिशला मोकळं आकाश लागतं, एक उंच पाइन मध्ये आला तरी कॉल तुटतो. रेंज नसताना मदत मागण्यासाठी सॅटेलाइटवरून एसओएस पाठवणारं उपकरण किंवा तशी सोय असलेला फोन ठेवा. आयफोनमध्ये ही सोय आयफोन १४ पासून आहे. पण हे वेगळं उपकरण बॅगेत घालून भारतात येऊ नका. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असा कम्युनिकेटर बाळगणं भारतात बेकायदेशीर आहे, आणि विमानतळावर त्यावरून अटक झालेली आहे.

भारतात असं करायचं असेल तर? २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि भाड्याने कॅरव्हॅन देणारेही आहेत. घरच्या व्हॅनमध्ये स्वतः पलंग-शेगडी बसवणाऱ्यांनी मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. सह्याद्रीत पाणी गोठत नाही आणि उंचीही लागत नाही, त्यामुळे वरचा निम्मा लेख तिथे बाजूला ठेवता येईल. गॅसचा अलार्म आणि घाटातला गिअर मात्र नाही.

आमच्याकडे ऑक्टोबरअखेर हंगाम संपतो. पाइपात राहिलेलं पाणी गोठलं की ते प्रसरण पावतं आणि पाइप फोडतं, म्हणून टाक्या आणि गिझर रिकामे करायचे, गिझरला बायपास करायचं आणि पंपाने सगळ्या पाइपांत गुलाबी रंगाचं प्रोपिलीन ग्लायकॉलचं द्रावण खेळवायचं. गाडीच्या रेडिएटरमधलं विषारी कूलंट नव्हे, हे वेगळं मिळतं. एकेक नळ उघडायचा, गुलाबी धार आली की बंद करायचा. बाहेरच्या शॉवरचा नळ बहुतेक लोक विसरतात.